बिनदोऱ्याची सुई

एखादा देश बघायला जायचं तर तयारी किती दिवस करावी, सांगाल?

टाकसाळेबाई तेहतीस वर्षं करत होत्या.

"एकच लिपी राहिली आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "मणिपूरकडची. ती झाली की निघते."

"आणि उद्याचं तिकीट?"

"रद्द करावं म्हणते."

"कितव्यांदा?"

"...चौथ्यांदा."

"रेल्वेवाले आता तुम्हाला फराळाला बोलावतील," गुलाबशाबाबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत.

गुरुवारची दुपार कलली होती. सोनवळच्या वेशीबाहेर या फकिराचा तकिया होता. तकिया म्हणजे एक चिंच, तिच्याखाली दगडी ओटा आणि वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण. बाबा नव्वदीला टेकले होते. तरुणपणी तेरा वर्षं ते पायी देश हिंडले होते. अक्षर मात्र एकही येत नव्हतं. सहीची वेळ आली की अंगठा.

बाईंचं उलटं. पहिलीच्या वर्गाला त्यांनी बत्तीस वर्षं अक्षरं शिकवली. अर्ध्या गावाचा हात हातात धरून 'ग' गिरवून घेतला. आणि तालुक्याच्या पलीकडं म्हणाल तर दोनदा जिल्ह्याला, एकदा पुण्याला, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. एवढंच.

जायची इच्छा जुनी होती. अगदी नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची.

वर्गाच्या भिंतीवर तेव्हा देशाचा नकाशा होता. त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा वाळवीनं खाल्ला होता. एके दिवशी दौलत धोत्रे नावाचं पोरगं रांगेतून उठलं, त्या भोकात बोट घातलं आणि म्हणालं,

"बाई, इथं काय हाय?"

"तिथंही आपलाच देश आहे."

"तुमी बघितलाय?"

"जागेवर बस आणि 'ग' गिरव," एवढंच त्या म्हणाल्या.

दौलतला 'ग' कधी आलाच नाही. दोन वर्षं पहिलीत बसला, हातावर पट्टी खाल्ली आणि शाळा सोडून गेला. त्याचा प्रश्न मात्र भिंतीवरच राहिला.

पुढं नवा चकचकीत नकाशा आला. तरी बाईंची नजर जायची ती त्या कोपऱ्याकडंच. डोंगर... मोठी नदी... भाताची खाचरं... तिकडं म्हणे फार लवकर उजाडतं. आपल्याकडं काळोख असतो, तेव्हा तिकडच्या बायकांच्या चुली पेटून झालेल्या असतात. सकाळी भाकरी थापताना हे मनात यायचं आणि बाईंचा हात परातीतच थांबायचा. तव्यावरची करपल्याचा वास आला की भानावर यायच्या.

आई होती तोवर आईचं निमित्त होतं. मग आई गेली. बाई निवृत्त झाल्या. निमित्त संपलं.

तेव्हा वही सुरू झाली.

ती वही आता त्यांनी पिशवीतून काढून बाबांपुढं धरली. "बघा तरी."

बाबांनी वही घेतली, पान उलगडलं आणि बराच वेळ न्याहाळलं. "छान आहे."

"बाबा, उलटी धरलीय तुम्ही."

"मला दोन्हीकडनं सारखीच."

बाईंनी वही सुलटी करून दिली आणि बोट ठेवून सांगू लागल्या, वर्गात सांगायच्या तशा. "हे उडिया. जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छत्री असते. हे बंगाली. हे असमिया, बंगालीपेक्षा दोनच अक्षरं वेगळी. रोज एक पान गिरवते."

"आणि हे तांबडं काय, कोपऱ्यात?"

"...शेरा आहे. 'उत्तम' म्हणून."

"कुणी दिला?"

"मीच."

बाबांनी मान हलवली. पुढचं पान उलटलं.

"ही वाटेतल्या स्टेशनांची नावं," बाई म्हणाल्या. "ज्या त्या लिपीत. बाहेर जायचा रस्ता कुठं, बायकांचा डबा कुठं, पिण्याचं पाणी कुठं, सगळ्या पाट्या उतरवून घेतल्यात. म्हणजे कुणाला काही विचारावं लागणार नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

हे त्या जरा ताठ बसून म्हणाल्या. ते खरंच होतं. टाकसाळेबाईंनी कुणाला काही विचारल्याचं गावाला आठवत नव्हतं. सोनवळच्या स्टँडवरसुद्धा नाही. तो दौलत धोत्रे आता तिथं हमाल होता. गाडीच्या टपावर पोती चढवायचा आणि अडल्यानडल्याला गाडी दाखवायचा. पाटी त्याला आजही वाचता येत नव्हती. कुठल्या गाडीचा पत्रा कुठं चेपलाय, त्यावरून तो गाडी ओळखायचा. बाई दिसल्या की पुढं यायचा. "बाई, कुठं जायचंय? बसवून देतो."

"येतं मला वाचता," असं म्हणून बाई पुढं जायच्या.

बाबांनी वही मिटून बाजूला ठेवली. मांडीवर झोळी घेतली. झोळीला ठिगळ लावायचं अर्धवट काम होतं. त्यांनी सुई ओट्यावर ठेवली, शेजारी दोरा ठेवला. सुई हातोहात देऊ नये, भांडण होतं, हे बाबाही पाळायचे.

"जरा ओवून द्या."

ही तकियावरची रीतच होती. कुणीही येवो, दूधवाला, तलाठी, नवसाला आलेली बाई, बाबा आधी सुई पुढं करायचे. म्हाताऱ्याला दिसत नाही, असं गाव समजून होतं. बाई तर वीस वर्षं दर गुरुवारी ओवून देत होत्या. एका झटक्यात. तेवढं काम झालं की त्यांना बरं वाटायचं.

आज त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली. दोरा बाजूनं गेला.

पुन्हा धरली. पुन्हा बाजूनं गेला.

चष्मा पदरानं पुसला. तिसऱ्यांदा दोऱ्याचं टोकच फुटलं.

"आज होत नाही, बाबा."

"ठेवा मग."

बाईंनी सुई ओट्यावर ठेवली. बाबांनी ती उचलली, रस्त्यानं जाणाऱ्या एका बैलगाडीकडं बघत बघत दोरा ओवला आणि टाका घालायला लागले.

बाई बघत राहिल्या.

"...तुम्हाला दिसतं?"

"दिसतं की. त्या उजवीकडच्या बैलाच्या शिंगाचा रंग उडालाय."

"मग वीस वर्षं मला..."

"तुम्हाला एकटीला नाही. मागं तहसीलदार आले होते, त्यांनाही ओवायला लावली."

"पण कशासाठी?"

बाबांनी टाका ओढला. दुसरा घातला.

"पहिल्या गुरुवारी तुम्ही आलात ते आठवतं? उभ्या उभ्या हात जोडलेत, साखर ठेवलीत आणि वळलात. मी सुई ठेवली." ते जरा थांबले. "मग बसलात."

चिंचेखालची सावली ओट्यावरून खाली उतरली होती.

बाईंनी विचारलं, "तेरा वर्षं कसे हिंडलात हो? एक पाटी वाचता येत नव्हती."

"म्हणून तर तेरा वर्षं लागली. वाचता आल्या असत्या तर सहा महिन्यांत परत आलो असतो."

"आणि तो कोपरा... तिकडं गेला होतात?"

"गेलो होतो."

"कसा आहे?"

बाबांचा हात थांबला. ते झोळीकडं बघत होते, पण झोळी दिसत नसावी.

"नदी आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. काठावर एका म्हातारीनं केळीच्या पानावर भात वाढला. मग शेजारी बसून ती काहीबाही सांगत राहिली. तिची बोली मला येईना, माझी तिला. अंधार पडेपर्यंत सांगत होती."

"काय सांगत होती?"

"कुणास ठाऊक. तिचं सांगणं पुरं व्हायचं होतं. माझे सोबती उठले, मीही उठलो." त्यांनी टाका घातला. "साठ वर्षं झाली, बाई. अजून कधीकधी वाटतं, आणखी थोडं बसायला हवं होतं."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. बाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

"ही मणिपूरची लिपी झाली," बाबा म्हणाले, "की निघाल?"

"हो."

"खरं सांगता?"

बाईंनी वही मांडीवर घेतली. तिच्या कडा बोटांनी सारख्या केल्या. मग पुन्हा केल्या.

"...नाही. मग आणखी एखादी सापडेल मला."

बाबांनी आणखी एक टाका घातला.

"एकोणसाठ झाली मला, बाबा. गुडघे आत्ताच बोलतात. डोळे मिटायच्या आत तो कोपरा एकदा बघावा, याशिवाय मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. पण गाडीतून उतरले, मान वर केली, आणि समोरची पाटी वाचताच आली नाही, तर... तिथं मी कोण? बाई म्हणून कुणी ओळखणार नाही. पहिलीतलं पोर होऊन उभी राहायची मी फलाटावर. नापास झालेलं."

"मग जिथली पाटी वाचता येणार नाही, तिथंच उतरा."

"उतरून काय करू?"

ठिगळ पुरं झालं होतं. बाबांनी गाठ मारली, दातांनी दोरा तोडला. सुईत उरलेला दोरा ओढून काढला आणि आपल्या बोटाला गुंडाळला. सुई त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवली.

"ही घेऊन जा, बेटी."

बेटी ते कुणालाच म्हणत नसत.

बाईंनी सुई उचलली, पुठ्ठ्याच्या कापडात खोचली. उठून उभ्या राहिल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"बाबा, आणि दोरा?"

"दोरा तिकडं मागायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, सोनवळच्या स्टँडवर, जंक्शनच्या गाडीची पाटी समोर स्वच्छ दिसत असताना, टाकसाळेबाईंनी दौलत धोत्रेला विचारलं, "दौलत, माझी गाडी कुठली रे?" आणि त्यानं त्यांची बॅग उचलली, आत चढून खिडकीजवळची जागा पुसली आणि त्यांना बसवून दिलं.