दोरीवरच्या पिशव्या

एकदा एका तरुण मालिकालेखकाला फार लवकर यश मिळाले. सासू-सुनांच्या रडक्या मालिका लिहून तो कंटाळला होता. मग त्याने एक विनोदी मालिका लिहिली आणि तिच्यातली ‘पिशवीकाकू’ घराघरांत जाऊन पोहोचली. ही काकू दुधाच्या, फरसाणाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घाली आणि एखादी हरवली की सगळ्या घराची झडती घेई. पडद्यावर ती दोरी दिसली, की मागून ध्वनिमुद्रित हशा वाजे.

त्याला लिहिणे शिकवणारे वृद्ध लेखक मितभाषी होते. त्याने त्यांना मोठ्या उत्साहाने विचारले, “अण्णा, काकू कशी वाटली?”

“तुझ्या मावशीकडे बसून बघू,” अण्णा म्हणाले.

शिष्य मनातून चरकला. आई गेल्यावर या मावशीनेच त्याला वाढवले होते आणि काकूची दोरी तिच्याच स्वयंपाकघरातून उचललेली होती. मालिका सुरू झाल्यापासून तो तिच्याकडे फिरकलाही नव्हता. पण अण्णांना नाही कसे म्हणणार?

मावशीने दोघांचे आनंदाने स्वागत केले. पिशवीतला चिवडा बशांत काढून दिला. भाग सुरू झाला तशी ती मोठमोठ्याने हसू लागली. मात्र तिची नजर सारखी भाच्याकडे जात होती, आपण पुरेसे हसतोय ना, हे पाहण्यासाठी. शिष्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. दोरी काढून टाकलेली होती. भिंतीत खिळे तेवढे राहिले होते.

भाग संपला. अण्णा उठले, चिवड्याची रिकामी पिशवी त्यांनी मोरीत नेऊन स्वच्छ धुतली आणि झटकून एका खिळ्याला अडकवली.

“अण्णा, हे काय करताय?” शिष्य गोंधळून म्हणाला.

मावशी लगबगीने पुढे आली. “अहो, राहू द्या ना. मला खुळी सवय होती पूर्वी. आता टाकूनच देते मी. समोरच्या पोरी खिडकीतून बघतात आणि त्या नावानं हाक...” ती थांबली आणि भाच्याकडे पाहून घाईने म्हणाली, “गमतीनं हं! मला काही वाटत नाही त्याचं.”

शिष्याला तिच्याकडे पाहवेना.

अण्णा त्याला शांतपणे म्हणाले, “एकांकिकेच्या तालमीला तू यायचास, तेव्हा तुझ्या हातात अशाच पिशव्या असायच्या. एकीत पोळ्या, एकीत शेंगदाण्याची चटणी. तुझ्या एकट्यापुरतं कधीच नसायचं, आम्ही सगळे जेवायचो. धुतलेली पिशवी तू दाखवलीस. भरलेली एकाही भागात दिसली नाही. लोकांना हसवायला मी तुला शिकवलं. पण ज्याच्यावरून हसवायचं, त्याच्या घरी उजळ माथ्यानं जाता आलं पाहिजे, बाळा.”

शिष्याची मान खाली गेली.

निघताना मावशीने लाडू आणले. नव्याकोऱ्या, चकचकीत डब्यात भरलेले.

“पिशवीत नाही दिले हो,” ती हळूच म्हणाली, “आता तुझं नाव झालंय. चारचौघांत तुला बरं दिसायचं नाही.”

घरी पोहोचेपर्यंत तो डबा त्याच्या मांडीवर होता. त्याचे झाकण काही त्याला उघडवले नाही.