नकलेतली खाच

राजे होते, राने होती आणि गोष्ट ऐकायला माणसांपाशी सवड होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि थोरांनी तर जरूर ऐकावी, कारण चूक थोराचीच आहे.

एका राज्यात राजघराण्याच्या मूळ पुरुषाची तलवार होती. तिच्या पात्यावर मधोमध एक खाच होती. शत्रूचे चिलखत फोडताना ती पडली, पण तलवार तुटली नाही, असे सगळे अभिमानाने सांगत. ती पुढे असली की सैन्य मागे हटत नसे. पण गंजापुढे कुणाचे चालते? पाते पोखरले, तेव्हा राजाने दूरच्या एका लोहाराकडून हुबेहूब तशीच दुसरी घडवून घेतली.

ती पारखायचे काम म्हाताऱ्या राजपारख्याकडे आले. जन्मभर त्याने जुन्या तलवारीला तेल लावले होते. आणि नवी तलवार रणात नेणार होता सेनापती, म्हणजे त्याचाच एकुलता एक मुलगा.

पारख्याने दोन्ही तलवारी शेजारी ठेवल्या. लांबी तीच, बाक तोच, मुठीवरची वेल तीच. मग त्याचे बोट खाचेवर गेले. लोहाराने तीसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती. म्हातारा तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिला.

रिवाज असा होता की नव्या तलवारीचे घाव अंगणातल्या बाभळीच्या ओंडक्यावर घालून पाहायचे, मगच तिला हो म्हणायचे. रूप मी आणले आहे, घाव तुम्ही पाहून घ्या, असे लोहारानेही बजावले होते. पारख्याने तलवार उचललीसुद्धा. पण घाव घातला आणि दुसरी खाच पडली तर? एवढे जुळून आलेले रूप बिघडायचे. त्याचा हात काही खाली येईना.

"बाबा, घाव घालून पाहिलात ना?" निघताना मुलाने विचारले.

"अरे, तीच आहे ती," म्हातारा म्हणाला. "तिला काय पारखायचं?"

बापाचा शब्द. मुलाने पुन्हा विचारले नाही.

नदीकाठी लढाई झाली. पहिल्याच घावाला तलवार मुठीपाशी तुटली. सैन्याने कसाबसा काठ राखला, पण सेनापती घरी आला तो चौघांच्या खांद्यावरून. त्याच्या हातात नुसती मूठ होती.

म्हाताऱ्याने ती हलकेच सोडवून घेतली. मुठीत रोवलेला पात्याचा दांडा करंगळीएवढाही जाड नव्हता. जुन्या तलवारीची खाच नकलेत आली होती, ती खाच सोसणारे पोलाद आले नव्हते. ओंडक्यावर एक घाव घातला असता, तर हे अंगणातच कळले असते.

राजा त्याला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. त्यानंतर म्हातारा रोज त्या ओंडक्यापाशी जाऊन बसे. ओंडक्यावर कितीतरी तलवारींचे घाव होते. त्यांत नसलेला एक घाव तो बोटांनी शोधत राही.

म्हणून सांगतो, रूप जुळले म्हणून गुण जुळत नाही. ज्यावर कुणाचा जीव विसंबणार आहे, ते कितीही मनात भरले तरी घाव घालूनच पारखावे.