उभ्या माणसाचा अर्धा वाटा

फार पूर्वी, जिथे बैलगाडीची वाट संपते आणि पुढे नुसता डोंगरच डोंगर, अशा एका वस्तीत दोन साडू राहत होते. म्हणजे दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघांचा धंदाही एकच. डोंगरातल्या ओढ्याची वाळू लाकडी काथवटीत घ्यायची आणि पाण्यात हळूहळू हलवायची. वाळू वाहून जाते, तळाशी सोन्याचे कण उरतात, ते टिपायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. दिवसभर उकिडवं बसून कंबर कामातून जाते आणि संध्याकाळी हाताला लागतं ते नखावर मावेल एवढं.

त्या डोंगरात डोंगरसिंह होते. आयाळ नाही, अंग वाळल्या गवताच्या रंगाचं आणि शेपूट ही एवढी लांब. शेजारून गेलं तरी पान हलायचं नाही. वस्तीतली माणसं त्याचं नावसुद्धा घेत नसत. ‘जनावर’ म्हणत, आणि तेही हळू आवाजात.

म्हणून वस्तीत एक जुना नेम होता: एक वाकला की एक उभा. एकाने वाळू धुवायची. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं. हातात काठी. बसायचं नाही, बोलायचं नाही, डुलकी तर नाहीच नाही. आणि सोनं मात्र निम्मं निम्मं. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला ठाऊक नव्हतं. पणजोबांच्या आधीपासून चालत आलेलं.

थोरला साडू धुणारा. त्याच्या काथवटीतून एकही कण निसटत नाही अशी त्याची ख्याती होती, आणि ती तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे. धाकटा साडू उभा राहणारा. उंच, किडकिडीत, तोंडात गवताची काडी. सकाळी जो उभा राही तो उन्हं उतरेपर्यंत उभाच.

अशी अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांत काय घडलं? काही नाही! एकदा माकडं आली, एकदा साळिंदर. बस्स. आणि काही घडलं नाही म्हणूनच थोरल्याचं डोकं फिरलं, बघा.

एकदा जेवताना तो बायकोला म्हणाला, "तुझ्या बहिणीचा नवरा म्हणजे नुसता खांब आहे, खांब! माझे गुडघे झिजले, बोटांची सालं गेली, आणि हा बाबा हवा खात उभा. वर निम्मं सोनं घेऊन जातो."

"नेमच आहे तसा," बायको म्हणाली.

"नेम! अकरा वर्षांत एक जनावर आलं का? शेपूट तरी दिसली का? एक बुजगावणं उभं केलं असतं तरी चाललं असतं. त्याला वाटा तरी द्यावा लागत नाही."

बायकोने भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "तुम्हाला तुमची पाठ कधी दिसली आहे का?"

"हा काय प्रश्न झाला?"

"नाही ना दिसली? मग पाठीमागचं बोलू नका. जेवा."

थोरला जेवला खरा, पण ते डोक्यातून जाईना. एकदा, फक्त एकदा, न वाटलेलं सोनं घरी आणायचं आणि सगळ्यांना दाखवायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने धाकट्याला निरोप धाडला: ‘कंबर धरली आहे, आज सुट्टी.’ आणि काथवट खांद्यावर टाकून मोठ्या तोऱ्यात एकटाच डोंगरात निघाला. वाटेत शीळसुद्धा घातली गड्याने!

रोजच्या जागी तो थांबलाच नाही. तिथून वर, खिंडीपलीकडे, एक घळ होती. तिथे कधी कुणी वाळू धुतलेली नव्हती. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे ओढा, आणि पाणी असं नितळ की तळाचा खडक दिसावा. थोरला उकिडवा बसला आणि कामाला लागला. तिसऱ्याच काथवटीला त्याचा हात थबकला. तळाशी कण नव्हता. खडा होता. चिंचोक्याएवढा, पिवळाधमक, सोन्याचा खडा!

त्याला रडू यायचंच बाकी राहिलं. त्याने तो चावून बघितला, कपाळाला लावला, पुन्हा चावून बघितला. मग पायाशी एका सपाट दगडावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. ‘बघ रे खांबा,’ तो मोठ्याने म्हणाला. ‘सगळा माझा.’ कड्यावरून त्याचाच आवाज परत आला आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

भाकरीचं गाठोडं दहा पावलांवर झुडपाला अडकवलेलं होतं. ते आणायला तो उठला. ओल्या वाळूत त्याची स्वतःची सकाळची पावलं उमटलेली होती. सहज नजर गेली, आणि तो होता तिथे खिळला.

त्याच्या पावलावर दुसरं पाऊल उमटलेलं होतं. गोल, तळहाताएवढं, चार बोटांचं. त्या ठशात पाणी अजून झिरपत होतं. त्याच्या डोळ्यांदेखत भरत होतं.

म्हणजे तो खड्याचे मुके घेत बसला होता तेव्हा ते त्याच्या मागे होतं. दहा पावलांवर! त्याने हळूच मान वर केली. समोरच्या खडकावर, उन्हात, ती बसलेली होती. सिंहीण. पिवळे डोळे, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ती गुरगुरली नाही की उठली नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

आता शहाण्या माणसाने काय करावं? तिच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे जावं. थोरल्यालाही ते ठाऊक होतं. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नजरेला नजर असेल तर जनावर चाल करत नाही. तसाच मागे सरकत तो ओढ्यापर्यंत आला, आणि पायाला तो सपाट दगड लागला. वर सोन्याचा खडा. अरे, एवढं वाकलं की हातात! नुसतं एकदा वाकलं की झालं.

तो वाकला. नजर क्षणभर खाली गेली, एवढंच. वर बघतो तर सिंहीण खडकावर नाही. वाळूत, अर्ध्या वाटेवर, पोट जमिनीला टेकवून. आवाज म्हणून कसला झाला नव्हता. तो ताडकन सरळ झाला तशी ती थांबली.

‘बापरे,’ त्याच्या तोंडून निघालं. ‘वाकलो की मी माणूस राहत नाही. हिला मी बकरं दिसतो.’ एवढं कळलं, तरी हात शिवशिवतच होता. माणसाचा हात फार वाईट, बरं का. गुडघे किंचित वाकवून, तिच्यावरची नजर न काढता, चाचपत खडा उचलता येतो का म्हणून त्याने बघितलं. गुडघे वाकले मात्र, तिचे कान मागे गेले आणि मागचे पाय अंगाखाली आले.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागे एक दगड घरंगळला.

थोरल्याने गर्रकन मान वळवली. ओढ्यापलीकडे दुसरं जनावर उभं होतं. तिचंच पिल्लू असावं, पण पिल्लू कसलं, आईएवढं वाढलेलं! त्याच्याकडे बघावं तर सिंहीण सरके. सिंहिणीकडे बघावं तर मागे वाळू करकरे. दोन जनावरं, आणि तोंड एकच! तो इकडे वळे, तिकडे वळे. प्रत्येक वळणाला अंतर कमी. त्याला एकदम धाकट्याचा चेहरा आठवला, तोंडातल्या काडीसकट. तो गदगदून रडायला लागला. खडा पायाशी चमकत होता, त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

आणि मग त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं.

संपलं, असं वाटून त्याने डोळे मिटले. तर हळू, रोजच्यासारखा आवाज आला, "साडूभाऊ, मी आहे. वळू नका. सिंहीण तुमची, पिल्लू माझं."

ती पाठ होती. किडकिडीत, घामाने भिजलेली. अकरा वर्षं जी पाठ त्याला खांब वाटली, ती.

"तू... तू कसा काय आलास?" थोरला पुटपुटला.

"कंबर धरली ना तुमची? शेकायला निरगुडीचा पाला घेऊन तुमच्या घरी गेलो. अक्का म्हणाली, ते तर काथवट घेऊन गेले. रोजच्या जागी दिसला नाहीत, मग पावलांच्या मागावर पळत आलो. बोलू नका आता. तिच्याकडे बघा. डावा पाय उचला."

"खडा... खाली..."

"राहू द्या तो. डावा पाय."

थोरल्याने डावा पाय उचलला. दोघं पाठीला पाठ लावून, खेकड्यासारखे तिरके, पाऊल पाऊल घळीबाहेर निघाले. तेवढी वाट कापायला सूर्य चांगला हातभर कलला. सिंहीण खिंडीच्या तोंडापर्यंत बरोबर आली, मग खाली बसली आणि पंजा चाटायला लागली. जणू तिचं काही बिघडलंच नव्हतं.

खिंडीपलीकडे, रोजच्या जागेशी आल्यावर थोरला मटकन बसला. धाकटा उभाच राहिला. कमरेला निरगुडीचा पाला तसाच खोचलेला होता.

थोरला म्हणाला, "नशीब आपलं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा जनावर आलं."

धाकट्याने पलीकडच्या एका बाभळीकडे बघितलं.

"काय रे? पहिल्यांदाच ना?"

धाकट्याने काडी तोंडातून काढली. "साडूभाऊ, ते रोज येतं."

"काय?"

"रोज. ही नाही तर हिची आई. ती म्हातारी होऊन गेली, मग ही यायला लागली. त्या बाभळीखाली बसते. तुम्ही वाकता, ती उठते. मी बघतो, ती बसते. दिवसभर हेच."

थोरल्याने बाभळीकडे बघितलं. खालचं सगळं गवत चेपून चेपून टक्कल पडलेलं होतं, वर्षानुवर्षं कुणी बसत असावं तसं. तो वाळू धुवायचा तिथून ही जागा वीस पावलंही नव्हती. अकरा वर्षं! गाणी म्हणत, शिव्या देत, त्या वीस पावलांवर तो पाठ उघडी टाकून बसलेला होता.

"अरे, मग सांगितलं का नाहीस कधी?" तो ओरडलाच.

"सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरला असता," धाकटा म्हणाला. "थरथरत्या हातात सोनं टिकतं का?"

थोरल्याने धाकट्याचे पाय धरले. धाकट्याने ते घाईघाईने मागे घेतले आणि म्हणाला, "हे काय भलतंच! उठा, साडूभाऊ. वाकू नका इथे, खिंडीतून ती बघतेय."

घरी बायकोने विचारलं, "काय आणलंत?" थोरला म्हणाला, "पाठ आणली." ती हसली नाही. नुसतं पाणी दिलं आणि धाकट्याने दिलेली निरगुडी शेकायला घेतली.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा कामाला गेले. पण त्या दिवशी थोरल्याने काथवट धाकट्याच्या हातात दिली आणि स्वतः काठी घेऊन उभा राहिला. पहिला तास सोपा गेला. मग डोळ्यांत पाणी यायला लागलं, कारण पापणी लवली की बाभळीखालचा कान हलायचा. मान अवघडली, पायांना मुंग्या आल्या, माशी नाकावर बसली तरी उडवता येईना. संध्याकाळी धाकट्याने वाकल्यावाकल्याच काथवट पुढे केली. नवख्या हातातून अर्धे कण वाहून गेले होते, कसेबसे चारच कण उरले होते.

"थोडंच निघालं, साडूभाऊ," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही दमलात का?"

थोरल्याने बाभळीवरची नजर काढली नाही. "तू आधी सरळ उभा राहा," तो म्हणाला. "मग दमतो."

तात्पर्य: आपली मेहनत आपल्याला दिसते, पण आपली राखलेली पाठ आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं काही वाईट घडलं नाही, तर राखणाऱ्याला फुकटा म्हणण्याआधी एवढंच विचारावं, की ते कुणी घडू दिलं नाही?