ढोलीतली बाळंतीण

सोनघाट संस्थानचे दिवाण मल्हारपंत भारी शिस्तीचे. एकदा त्यांनी राजवाड्यामागचं रान पाहिलं आणि फर्मावलं, "वाकडी, पोकळ, म्हातारी झाडं तोडा. सरळ रांगांत नुसता साग लावा!"

रानाचा कारभार मथुराक्कांकडे होता. दाटी झाली की त्या झाडं विरळ करत, पण जुनी खोडं जपत. हुकूम ऐकताच त्या राजांना घेऊन रानात आल्या. दिवाण कुऱ्हाडवाल्यांसह एका पोकळ बेहड्यापाशी उभेच होते.

"या पोखरलेल्या खोडाचा उपयोग काय?" दिवाण गरजले.

"आत बाळंतीण आहे," आक्का म्हणाल्या.

सगळ्यांनी वर पाहिलं. अंडी उबवायला आत बसलेल्या धनेश पक्ष्याच्या मादीनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलं होतं आणि बारीक फटीतून एक चोच डोकावत होती. तेवढ्यात धनेशाचा नर शेजारच्या वाकड्या उंबराची फळं घेऊन आला आणि मादीला भरवू लागला.

राजांची लेकही तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. ते टक लावून पाहत राहिले.

"तिनं सागात घर करावं," दिवाण म्हणाले.

"कोवळ्या सागाला ढोली कुठून आणू?"

"मग पिल्लं उडाली की तोडू!"

"दिवाणजी, ती दर वर्षी इथंच येते. बाळंत होऊन लेक सासरी गेली, म्हणून कुणी माहेर पाडतं का?"

राजांना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम रद्द केला.

"पण महाराज, शिस्त..." दिवाणांनी आवाज चढवला.

"हळू बोला, पंत," राजे म्हणाले, "बाळंतिणीचा डोळा लागला असेल!"