धनेश मोठा की बेहडा?

एका रानात तरसांचं राज्य होतं. राज्य लोकशाही होतं. म्हणजे ठरल्या वेळी सगळ्या प्राण्यांना विचारून तरसच निवडला जाई.

तरसरावांना नवा दरबार बांधायचा होता, आणि त्यासाठी लाकूड हवं होतं ते रानाच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या बेहड्याचं. सरळ तोडावा तर रान खवळलं असतं, कारण उन्हाळ्यात अर्धं रान त्याच्याच सावलीत बसे. मुंगूस प्रधान म्हणाला, तोडायचं नंतर बघू, आधी तुलना करू. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली: धनेश पक्षी श्रेष्ठ की बेहड्याचं झाड?

हा प्रश्न तोवर कुणालाच पडला नव्हता. धनेशालाही नाही. पण विचारल्यावर त्याला वाटू लागलं की आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला आहे.

त्याची बायको तेव्हा बेहड्याच्याच ढोलीत अंड्यांवर बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं आणि पंखांची पिसंही गाळली होती. नवरा फटीतून फळं भरवी, त्यावर ती जगे. आता तो सभा आटोपून येई, कधी रिकाम्या चोचीनेच.

"अहो, तुम्ही जिंकलात तर या झाडाचं काय करणार?" तिने फटीतून विचारलं.

"ते आपल्याला काय करायचंय? आपला मान वाढतोय," म्हणत तो पुढच्या सभेला गेला.

'ज्याला पंख, त्याचंच रान' ही घोषणा घरोघरी पोचली. बेहडा एकाही सभेला आला नाही, हा त्याचा माज ठरला. काही बोललाही नाही, म्हणजे आरोप मान्य. धनेश प्रचंड मतांनी निवडून आला.

लगेच हरलेल्याला पाडायला भाडोत्री हत्ती आले. धनेश गळ्यातल्या हारासकट दरबारी धावला. "महाराज, माझं घर आहे त्यात. बायको आहे."

तरसरावांचे डोळे पाणावले. "विजेत्याने हरलेल्याच्या घरात राहावं, हे आम्हाला बघवत नाही."

बायको लिंपण फोडून कशीबशी बाहेर पडली. उडता येत नव्हतं, म्हणून चालत निघाली. अंडी आतच राहिली. धनेशाकडे तिने वळूनही पाहिलं नाही, आणि मला तिचं अजिबात चुकलं असं वाटत नाही.

दरबार देखणा झालाय. धनेशाला तिथे बसायला खास फांदी आहे, बेहड्याचीच. आता फक्त नदी वळवून दरबारात आणायची राहिली आहे.

परवाच नवी दवंडी झाली: मासा श्रेष्ठ की पाणी? मासे जोरात प्रचाराला लागले आहेत.