शेवटची पाचर

"आणि त्या भोकातून पाऊस आत येत नाही?"

राघोबुवांनी विचारलं. हेरंब हसला. येतो की, म्हणाला. रोममधलं ते जुनं देऊळ, जवळजवळ दोन हजार वर्षांचं. घुमटाला वर मधोमध उघडं भोक. त्यातून ऊन येतं तसा पाऊसही येतो. म्हणून खालची फरशी मध्ये किंचित उंच ठेवलीय आणि तिला छिद्रं पाडलीत. पाणी आपसूक निघून जातं.

"अरे वा," बुवा म्हणाले आणि वर बघत राहिले. वर आमच्या स्वयंपाकघराचे पत्रे होते.

मी राघोबुवांच्या मठाचा भांडारी. इमारतीतलं मला कळतं ते एवढंच, की गळतंय कुठं. पण त्या सकाळी डाळ निवडायची सोडून मीही ऐकत बसलो होतो.

हेरंब कर्णिक बुवांचा जुना शिष्य. कॉलेजात असल्यापासून यायचा. पुढं मोठा आर्किटेक्ट झाला, जग फिरला. अंबडजवळच्या आमच्या या टेकडीवर ध्यानमंदिर बांधायचं ठरलं, तेव्हा मीच बांधणार म्हणून अडून बसला. विश्वस्त म्हणाले, स्लॅब टाका नि मोकळे व्हा. हा म्हणे, छे! नुसत्या विटा आणि चुना, वर घुमट, आणि आत लोखंडाची एक सळईसुद्धा नाही. शंभर वर्षांनी लोकांनी लांबून बघायला आलं पाहिजे, असंही वर म्हणाला.

गर्व होताच त्याला. पण सांगायला लागला की त्याचा राग यायचा राहून जायचा, हेही खरं.

मग इस्तंबूलची आयासोफिया सांगितली. घुमटाच्या बुडाशी ओळीनं चाळीस खिडक्या. सकाळचं ऊन आत शिरलं की घुमट भिंतींवर टेकलाय असं वाटतच नाही, नुसता हवेत राहिलाय असं वाटतं. बांधल्यावर वीसेक वर्षांत तो कोसळला होता. लोकांनी पुन्हा उभा केला.

बार्सिलोनातलं चर्च सांगितलं. शंभरावर वर्षं झाली, अजून बांधतायत. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फुटतात. विजापूरचा गोल घुमट सांगितला. तिथं एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर पार पलीकडच्या माणसाला ऐकू येतं. वेरूळचं कैलास सांगितलं. डोंगर वरून खाली कोरत गेले, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी.

बुवा तालुक्याबाहेर फारसे गेलेले नाहीत. प्रत्येक इमारतीला त्यांचं आपलं "अरे वा". कैलासाला तर डोळ्यांत पाणीच आलं. मनात म्हटलं, हे काय कीर्तन चाललंय का? पण खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला होता.

तेवढ्यात घुमट रचणारे हमीद मिस्त्री दारात आले. घुमटाचा चुना धरलाय, म्हणाले. आज सेंट्रिंग काढायची.

घुमट रचताना खाली लाकडाचा साचा असतो, टेकूंवर उभा केलेला, तीच सेंट्रिंग. प्रत्येक टेकूच्या बुडात लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. पाचरी काढल्या की साचा खाली बसतो आणि घुमट स्वतःच्या जिवावर उभा राहतो.

किंवा राहत नाही.

हमीद मिस्त्रींच्या घराण्यात एक रीत आहे. ज्यानं घुमट आखला, त्यानं शेवटची पाचर निघेपर्यंत खाली मधोमध बसायचं. त्यांचा बाप बसला होता, आजा बसला होता. पाचरी काढायला मी आत असणारच आहे, ते हेरंबला म्हणाले. पण आखलाय तुम्ही, सायेब.

हेरंबनं ते उडवून लावलं. आकडेमोड नव्हती तेव्हाच्या या रीती, म्हणाला. आपण तीनदा हिशेब तपासलाय, एका प्राध्यापकांनाही दाखवलाय. आत बसून घुमटाला काय जास्तीचं बळ येणार आहे?

आणि जाऊन कडुनिंबाखाली उभा राहिला, चांगला पन्नास पावलांवर. हात खिशात घातले. 

बुवा काठी टेकत त्याच्यापाशी गेले.

"किती खात्री आहे तुझी?"

"शंभर टक्के, बुवा."

"बरं."

बुवांनी तिथलं चुन्याचं रिकामं पोतं उचललं आणि चालू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. मला वाटलं, दाराशी फूल वाहून परत येतील. ते आत गेले. टेकूंच्या दाटीतून वाट काढत मधोमध पोचले, पोतं अंथरलं आणि मांडी घातली.

हेरंब धावला. मागून मी. दोघंही ओरडत होतो, बुवा बाहेर या, काय हा आचरटपणा.

बुवा हमीद मिस्त्रींना म्हणाले, करा सुरू.

मिस्त्रींनी हातोडा उचलला नाही. ते हेरंबकडे बघत राहिले.

हेरंब आत गेला, बुवांसमोर उभा राहिला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"बुवा, मला भीती वाटतेय. सहा महिने धड झोपलो नाही. दर वेळी आकडे बरोबर येतात आणि दर वेळी भीती वाटते. घुमट पडला तर पडू दे, माझं नाव जाऊ दे. पण तुम्ही खाली असताना पडला तर…"



 बुवा पोत्यावर थोडे सरकले आणि अर्धं पोतं मोकळं केलं.

…

हेरंब बराच वेळ उभा होता. मग बसला.

मी उंबऱ्यावर थांबलो. आत जायचा धीर झाला नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

मिस्त्रींनी मधल्या टेकूंपासून सुरुवात केली. ठोका, पाचर ढिली. पुढचा ठोका. गोल गोल फिरत बाहेरच्या टेकूंकडे आले. दर ठोक्याला वरून चुन्याची भुकटी पडत होती. हेरंबनं डोळे मिटले होते. बुवांनी उघडे ठेवले होते.

शेवटची पाचर निघाली.

लाकूड कण्हलं. साचा दोन बोटं खाली आला…

घुमट वरच राहिला.

मिस्त्रींनी साच्याच्या मधल्या फळ्या ओढून काढल्या. घुमटाच्या माथ्यावर हेरंबनं गोल तोंड ठेवलं होतं. आत्तापर्यंत ते फळ्यांनी झाकलेलं होतं. त्यातून ऊन सरळ खाली त्या दोघांवर आलं. आणि त्या उजेडात विटा दिसल्या, एका कड्यावर दुसरं कडं, लहान लहान होत वर गेलेलं. खालून कशाचा आधार नाही. एकमेकींना धरून तेवढ्या राहिलेल्या.

मी आत कधी गेलो, मला कळलं नाही. हमीद मिस्त्रींनी भिंतीला कपाळ टेकलं होतं. 

हेरंब मान मागं टाकून बघत होता. जगातले घुमट बघून आलेला माणूस, पण जन्मात पहिल्यांदाच छप्पर बघितल्यासारखा तोंड उघडं टाकून बसला होता. रडत होता, आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. हा मी आखलेला नाही, असं काहीतरी पुटपुटला. कागदावर हा असा नव्हता.

पुष्कळ वेळानं तो बुवांकडे वळला.

"माझी मलाच खात्री नव्हती, बुवा. तुमची एवढी कशी होती?"

बुवा खांद्यावरचा चुना झटकत होते.

"खात्री असती, तर मी बाहेरूनच नसतं का बघितलं?"