रेंजवाली वैजू

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे निरोप अजून पायांनी चालत होता तेव्हाची ही गोष्ट. कातळखोलात आज ज्या आज्या आहेत, त्या तेव्हा पाळण्यात होत्या. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांतलं कोणी उरलेलं नाही. म्हणून जसं सांगत आले तसंच सांगायचं.

कातळखोल सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या पोटात, खळग्यात वसलेलं. चारी बाजूंनी काळा कातळ, आणि गावाची शीव धरून वाहणारा एक व्हाळ. उंबरे शहाण्णव. घरोघरी मोबाईल आले होते, पण गावात रेंज नव्हती. रेंज होती ती वर सड्यावर, एकुलत्या एका कुंभ्याच्या झाडाखाली. तिथवर पाऊण तासाची उभी चढण. रोज कोण चढणार?

वैजू तेलीण चढायची. वैजयंती हे तिचं कागदावरचं नाव. पंचेचाळिशीतली विधवा, अंगानं काटकुळी. सकाळी ती दारोदार फिरे, लोकांचे फोन जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून पाटीत रचे आणि पाटी डोक्यावर घेऊन सडा चढे. लोकांनी घरी बोलून ठेवलेले निरोप झाडाखाली पोचले की आपोआप सुटत, आणि मुंबईचे, मस्कतचे, बोटीवरचे निरोप पाटीत उतरत. त्या वेळी पाटी अशी वाजे की चिमण्यांचा थवा बसलाय, असं म्हणतात. अकराला ती उतरायला लागे.

"गे वैजू, काल माझो फोन उन्हात करपान इलो!" एखादी म्हातारी ओरडे.

"फोन नाय करपलो गे, तुझ्या जावयान कट केलान!" वैजू चालता चालताच सांगे, आणि अख्खी वाडी हसे.

गावात तिला रेंजवाली म्हणत. फोन चरायला नेते, असंही म्हणत. सात वर्षांत तिच्या हातून एक फोन पडला नाही की कोणाचा निरोप दुसऱ्या कानी गेला नाही.

पण निरोपही शिळा होतो. तिच्या बहिणीची मुलगी कुंदा तिनंच वाढवली होती. पोरगी हुशार. नर्सिंगच्या कॉलेजात तिचं नाव लागायचं होतं. एका बुधवारी वैजू अकराला उतरली आणि पावणेबाराला निरोप आला, की जागा रिकामी आहे, पाचच्या आत फोन करा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीत वाजला. तोवर जागा दुसरीला गेली होती. कुंदानं फोन पुसून जागेवर ठेवला. पुढे ती रत्नागिरीला कोळंबी सोलायच्या कारखान्यात लागली. त्या दिवसापासून वैजूच्या डोक्यावरची पाटी जड झाली, ती काही हलकी झाली नाही, असं म्हणतात.

अशात एके सकाळी सरपंचाच्या फोनवर निरोप उतरला. गावोगावी जलद नेटची तार जाणार होती. तिच्यासाठी वस्ती पाहायला साहेब सोळा तारखेला येणार होता, आणि यादी त्याच दिवशी बंद होणार होती. वैजू त्या दिवशी चढण उतरली नाही, धावली.

सोळा तारीख ऐकून सरपंचानं डोक्याला हात लावला. कारण पंधरा, सोळा आणि सतरा हे तीन दिवस गावपळणीचे होते.

पळण म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायची तेव्हा चाल नव्हती. आता सांगतात. दर चौथ्या वर्षी देवाचा कौल झाला, ढोल वाजला, की कातळखोल रिकामं व्हायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळी व्हाळापलीकडे. तिथं माडाच्या झापांची खोपटी बांधायची आणि तीन दिवस गाव देवाच्या हाती सोडायचं. दारं नुसती लोटायची, कुलूप लावायचं नाही. त्या तीन दिवसांत गावात आवाज व्हायचा नाही, आणि चूल पेटायची नाही. पेटली तर गाव जळून जाईल, अशी समजूत.

वैजू मानकऱ्यांच्या बैठकीत गेली. आप्पा गावकर मुख्य मानकरी.

"आप्पानू, पळण दोन दिवस फुडे ढकला."

"कौल झालो, वैजू. देव काय तुझ्या सायबाचो शिपाय आसा?"

"मगे एक माणूस तरी गावात ठेवा. माका ठेवा. चावडीर नुसती उभी रवतंय."

कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "पाटी घेऊन रव. देवाक रेंज मिळाली तर आमचोय निरोप धाड!" सगळे हसले. आप्पाही हसला. मग हसू पुसून म्हणाला, "व्हाळ ओलांडलंस तर परत गावात येव नको. ह्यां आताच सांगान ठेवतंय."

पंधराला ढोल वाजला आणि गाव पलीकडे गेलं. सोळाला दुपारी बाया खोपटांपुढे भात रांधत होत्या. तेवढ्यात सड्याच्या वाटेवर जीपची धूळ दिसली. सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांनी मान खाली घातली. वैजूनं पेजेचं भांडं खाली ठेवलं. पदर खोचला. तिनं पाण्यात पाय घातला तेव्हा व्हाळ क्षणभर वाहायचा थांबला, असं म्हणतात. लोक काही थांबवायला उठले नाहीत.

साहेब चावडीवर उभा होता. सज्जन माणूस, पण दमलेला. हातात यादी.

"बाई, इथलं गाव कुठे गेलं?"

वैजूला खोटं बोलायची सवय नव्हती. चाल मोडून तिनं खरं तेच सांगितलं. "गाव पळणीर गेलो हा, सायबा."

"पळालं? कशाला भिऊन पळालं?"

"भिऊन न्हय. पळण ती. व्हाळापलीकडे आसा, परवा येतलो."

"म्हणजे गाव सोडून गेले. शिवेपलीकडची माणसं मला मोजता येत नाहीत." साहेबानं पेन काढलं. "दारं बंद, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मी निर्जन लिहितो."

निर्जन. हा शब्द वैजूनं पहिल्यांदाच ऐकला, पण तिला तो लगेच कळला. शहाण्णव उंबऱ्यांचं गाव एका शब्दात पुसलं जात होतं, आणि तेही तिनं तोंडानं पुरवलेल्या शब्दावरून. तिनं विचारलं, "सायबा, तुमच्या कागदार घर खेका म्हणतत?"

"जिथे चूल पेटते ते राहतं घर. अशी साठ लागतात. मी चारपर्यंत आहे."

वैजू वळली. पहिली चूल तिनं स्वतःची पेटवली, कारण शाप लागायचा तर आधी आपल्या घराला लागावा. मग तेलीवाडी, मग घाडीवाडी, मग थेट गावकरवाडी. प्रत्येक दार ढकलायचं, त्या घराचं नाव घ्यायचं, चुलीत माडाची सुकी चुडतं घालायची, मागच्या चुलीतलं पेटतं कोलीत लावायचं आणि पुढे धावायचं. तिच्या हाताला फोड आले. पदराला दोनदा आग लागली. काही म्हणतात साठच पेटल्या, काही म्हणतात सगळ्या शहाण्णव. शेवटी शेवटी ती पोचायच्या आधीच चुली आपापल्या पेटत होत्या, असंही म्हणतात.

व्हाळापलीकडून गावानं पाहिलं. आपल्याच रिकाम्या घरांच्या कौलांतून धूर निघत होता. एकामागून एक, जणू घरात आपणच बसून रांधतोय. बायांनी पोरांचे डोळे झाकले. गुरं दाव्याला हिसके देऊ लागली. आप्पा गावकराच्या घरातून धूर निघाला तेव्हा तो मटकन खाली बसला.

साहेबानं धूर मोजले. निर्जन खोडलं आणि लिहिलं, वस्ती आहे. खाली साक्षीदार म्हणून वैजयंती तेली हे नाव घातलं आणि तिचा अंगठा घेतला. फोडांमुळे तो धड उमटला नाही.

गाव जळलं नाही. अठराला पळण सुटली, लोक परतले, तेव्हा चुलींत राख होती आणि बाकी सगळं जागच्या जागी. पण पंधरा दिवसांत आप्पाची गाभण म्हैस मेली. तेवढं पुरलं. वैजू व्हाळाच्या पलीकडे, पळणीच्या खोपटातच राहिली. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असं ठरलं. कुंदा तिला न्यायला आली, तर वैजू म्हणाली, "तार येवची आसा गो. बघूक नको?"

तार आली. दुसऱ्या वर्षी चर खणत खणत ती सड्यावरून उतरली आणि वैजूच्या खोपटापासून दहा पावलांवरून व्हाळ ओलांडून गावात गेली. खणणाऱ्या माणसांना पाणी तिनंच दिलं. सगळं जोडून झालं, आणि मग कळलं की तार चालू करायला साक्षीदाराचा अंगठा लागतो.

तेव्हा मानकरी व्हाळावर आले. पाण्याच्या अलीकडेच थांबले. आप्पानं कागद आणि शाईची डबी वेळूच्या टोकाला बांधून पुढे केली.

वैजूनं कागदाकडे पाहिलं. "आप्पानू, ह्या कागदार मी गावची म्हणान लिवला हा मां?"

आप्पा बोलला नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि तो चालीला पक्का होता.

"नाय, नुसता इचारलंय," वैजू म्हणाली, आणि तिनं अंगठा उठवला. या वेळी तो स्वच्छ उमटला.

त्या संध्याकाळी कातळखोलात नेट आलं. इतकं जलद, की मस्कतचा माणूस माजघरात बसून जेवतोय असं वाटे. पोरं घरबसल्या शिकली. आजारी माणसांनी डॉक्टरांशी समोरासमोर बोलून औषधं घेतली. आणि नर्सिंगला पहिल्याच वर्षी दोन मुली लागल्या. एक आप्पा गावकराची नात.

वैजूच्या खोपटाला तार जोडलेली नव्हती. ते शिवेबाहेर होतं. कुंदाशी बोलायचं तर ती पूर्वीसारखीच सडा चढे, एकच फोन कनवटीला लावून. किती वर्षं चढत होती, कोणी मोजलं नाही. मग एक दिवस ती चढली आणि उतरली नाही. कोणता दिवस, तेही सांगता येत नाही. तिला शेवटचं कोणी पाहिलं असं गावात विचारावं, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. कुंभ्याच्या झाडातच ती शिरली, असं म्हणतात. तसं म्हणणं गावाला सोयीचं आहे.

अजून पळण होते. आता निघण्यापूर्वी चावडीच्या दाराला एक फळी टांगतात: गावात माणसं राहतात, तीन दिवसांनी येतील. ही चाल वैजूच्या नावानं सुरू झाली आणि फळीला वैजूची फळी म्हणतात. बाहेरच्याला सांगितलं म्हणून देव कधी कोपला नाही. विहीर कुठे खणावी, लग्न कधी धरावं, नवा रस्ता कोणाच्या बागेतून न्यावा, सगळ्याचा कौल गाव देवाला लावतं. वैजूला गावात घ्यावं का, हा कौल मात्र अजून कोणी लावलेला नाही.

आणि आणखी एक. पावसाळ्यात कधी कधी नेट अडतं, पडद्यावरचं चक्र नुसतंच गरगरत राहतं. दुसरीकडे लोक काय म्हणत असतील ते म्हणोत. कातळखोलात लहानथोर सगळे म्हणतात, "वैजू सड्यार गेली हा. थांब, येतली." मग चक्र थांबतं, चित्र येतं, आणि सगळे चित्र बघायला लागतात. वैजू इली, असं कोणी म्हणत नाही.